मुंबईत दीड दिवस आणि म्युझियम कुठलं बघायचं

परवा ऑफिसात डबा खाताना शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, अगं पुढच्या महिन्यात आम्ही मुंबईला चाललोय दोन दिवस, पोरांना एखादं म्युझियम दाखवायचंय, चित्रांचं वगैरे, तर कुठलं बघू सांग की. मी म्हटलं, आधी एका रविवारी औंधला जाऊन ये. ती म्हणाली, औंध? पुण्यातलं? मी म्हटलं नाही गं बाई, आपलं औंध, यमाईचं, खटाव तालुक्यातलं. तिला वाटलं मी विषय टाळतेय, पण मी अगदी मनापासून सांगत होते, आणि जेवणाच्या सुट्टीत ते नीट सांगून झालं नाही म्हणून आता इथं सविस्तर लिहितेय.

मला चित्रं बघायची आवड आहे, काढता येत नाहीत. शाळेत एलिमेंटरी कशीबशी पास झाले, इंटरमिजिएटला बसलेच नाही. पण बघायला फार आवडतं. आणि सांगलीत राहून ही आवड जपायची म्हणजे दरवेळी कुठल्या तरी लग्नाच्या, नाहीतर दवाखान्याच्या, नाहीतर पोराच्या ॲडमिशनच्या निमित्ताने मोठ्या शहरात जाणं होतं तेव्हा त्यातून अर्धा-एक दिवस काढायचा. फक्त चित्रं बघायला म्हणून मुंबईला जाऊन येते असं घरात सांगणं आपल्याकडे अजून सोपं नाहीये. त्यामुळे तो अर्धा दिवस फार मोलाचा असतो आणि तो कुठे घालवायचा हा माझ्यासाठी खरंच महत्त्वाचा प्रश्न आहे.

पहिल्यांदा मुंबईला अशी गेले तेव्हा मी यादी करून गेले होते. दोन दिवसात पाच जागा. नेटवर जेवढी नावं सापडली तेवढी सगळी वहीत उतरवली, नकाशावर खुणा केल्या. पहिला दिवस धावण्यात गेला, दुसरा दिवस सोमवार निघाला, एका ठिकाणी दाराला कुलूप, दुसऱ्या ठिकाणी पोचलो तेव्हा बंद व्हायला पाऊण तास बाकी, मग आत शिरून नुसतं भराभरा चालत सुटायचं. रात्री गाडीत बसल्यावर नवरा सहज म्हणाला, सगळ्यात भारी काय वाटलं गं? आणि मला एक चित्र आठवेना. फोनमध्ये तीनशे फोटो होते आणि डोळ्यासमोर एकही चित्र नव्हतं. मला त्याचं खूप वाईट वाटलं होतं, पैशाचं नाही, संधी हातातून गेली याचं.

नंतर कळलं की या थकव्याला नावसुद्धा आहे, म्युझियम फटीग. बॉस्टनच्या म्युझियममध्ये काम करणारे बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली त्यावर लिहिलं होतं, एका माणसाला म्युझियममधल्या वस्तू बघायला लावून त्याचे फोटो काढले होते, कुठल्या कपाटापुढे त्याला किती वाकावं लागतंय, मान किती मुरडावी लागतेय ते दाखवायला. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे पण आपली कंबर तीच आहे. उभं राहून, थांबत थांबत चालून, मान वर खाली करून माणूस सरळ चालण्यापेक्षा जास्त दमतो, आणि डोकं त्याहून दमतं कारण दर दोन पावलांना नवीन चित्र, नवीन शतक, नवीन देश. माझा स्वतःचा हिशोब सांगते, सव्वा ते दीड तास मी नीट बघू शकते, त्यानंतर नुसती पाट्या वाचत जाते. म्हणून आता माझा नियम आहे की एका दिवसात एकच मोठं म्युझियम, आणि त्यातही दोन किंवा तीन दालनं. बाकीचं तिथंच असतं, कुठं जात नाही.

पण दोन दालनं कुठली? इथं औंध येतं.

औंध सांगलीहून गाडीने दोन-अडीच तास, साताऱ्याहून त्याहून कमी. यमाईच्या डोंगरावर मूळपीठाला जाताना वाटेत श्री भवानी वस्तुसंग्रहालय लागतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, म्हणजे भवानराव, ज्यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला होता तेच, ते स्वतः चित्रं काढायचे आणि आयुष्यभर त्यांनी जे जमवलं ते ठेवायला १९३८ साली ही इमारत बांधून घेतली. राजे लोक कला जमवतात यात नवल नाही, पण बहुतेक ठिकाणी ती राजवाड्याच्या भिंतीवरच राहते. यांनी ती डोंगरावर, देवीच्या वाटेवर आणून ठेवली, जिथं नवस फेडायला येणारा शेतकरी, परडी घेतलेली बाई, शाळेची सहल, सगळे जाणारच आहेत. मला ही गोष्ट त्यांच्या संग्रहाइतकीच मोठी वाटते.

आत काय आहे? राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. शंभरेक वर्षांपूर्वीचे चित्रकार एम. व्ही. धुरंधर, त्यांची आहेत. माधव सातवळेकरांची आहेत, ज्यांचे वडील पंडित सातवळेकर औंधातच राहून वेदांचं काम करायचे आणि तेही आधी चित्रकारच होते. लघुचित्रं आहेत, हस्तिदंतावरचं काम आहे, परदेशी चित्रांच्या नकला आहेत. आणि हेन्री मूरचं एक शिल्प आहे, मदर अँड चाइल्ड. हेन्री मूर म्हणजे विसाव्या शतकातला इंग्लंडचा सगळ्यात गाजलेला शिल्पकार, त्याचं काम बघायला लोक लंडनला जातात, आणि ते आपल्या खटाव तालुक्यात आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्याच्यापुढून दोन बायका ओटीचं ताट घेऊन बोलत बोलत निघून गेल्या, त्यातली एक परत वळली, जरा वेळ बघितलं आणि दुसरीला म्हणाली, लेकराला कसं धरलंय बघ. बस्स, एवढंच म्हणाली आणि गेली. मूरने ते ज्याच्यासाठी केलं असेल ते तिला तेवढ्यात मिळालं असं मला वाटतं.

औंधचा फायदा असा की तिथं गर्दी नसते, घाई नसते, एका चित्रापुढे वीस मिनिटं उभं राहिलं तर कुणी ढकलत नाही. रविवर्म्याचं तैलचित्र जवळून बघितलं की कळतं, रेशमी पदराची जर लांबून चमकते ना, ती जवळून नुसते पिवळ्या-पांढऱ्या रंगाचे ठिपके आणि फटकारे असतात, चार पावलं मागं गेलं की परत जर दिसायला लागते. मी तिथं असं पुढं-मागं करत बसले होते किती वेळ. तिथं मला कळलं की मला काय बघायला आवडतं. कापड आवडतं, दागिने आवडतात, माणसाचा हात कसा काढलाय ते बघायला आवडतं. युद्धाची मोठी चित्रं मला कंटाळवाणी वाटतात, डोंगरदऱ्यांची चित्रं बरी वाटतात. हे एकदा कळलं की मुंबई असो, दिल्ली असो, आपण काय शोधायचं ते आपल्याला माहीत असतं. यादीच्या आधी हे माहीत पाहिजे.

याचा अनुभव मला २०१८ साली आला. मुंबईच्या एनजीएमएत, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, धुरंधरांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. धुरंधर मूळचे आपल्या कोल्हापूरचे, जन्म १८६७ चा, मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये, म्हणजे जेजेत, शिकले आणि तिथंच पुढं वरच्या पदापर्यंत गेले. मला त्यांची औंधातली चित्रं माहीत होती त्यामुळे पेपरात वाचल्यावर ठरवलंच, एका दिवसासाठी गेले, दुसरं काहीही बघितलं नाही. तैलचित्रं, जलरंग, पोस्टकार्डं, रेल्वेची पोस्टरं, कच्ची रेखाटनं, सगळं एका माणसाचं. तीन तास होते आणि दमले नाही, कारण प्रत्येक चित्रापुढे मी आधीच्या ओळखीने जात होते. नऊवारीच्या निऱ्या या माणसाने कुठं कुठं कशा काढल्यात एवढंच बघत गेले तरी पुरलं. अजूनही डोळे मिटले तर त्यातली सात-आठ चित्रं दिसतात. पाच जागा आणि शून्य चित्रं, एक जागा आणि आठ चित्रं, असा तो हिशोब आहे.

बरं आता या हिवाळ्याची गोष्ट. दादरला मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं, सोमवारचा मुहूर्त. आम्ही तिघीजणी पुढं निघालो, मी, आई आणि माझी इस्लामपूरची भाची, ती यंदा दहावीला आहे आणि चित्रं छान काढते. शनिवारी सकाळी महालक्ष्मीने सीएसएमटीला उतरायचं, शनिवार दुपारपर्यंत आणि रविवारची सकाळ एवढाच वेळ आमचा, रविवारी संध्याकाळपासून हळद-मेंदी. म्हणजे दीड दिवस पण म्हणायला.

भाचीने फोनमध्ये अकरा नावांची यादी केली होती. मला माझी जुनी वही आठवली. मी म्हटलं यादी राहू दे बाजूला, तू आधी मला सांग, तुला आत्ता चित्र काढताना काय जमत नाही? ती म्हणाली, मावशी, मला वॉटरकलर जमत नाही, मी रंग लावते आणि सगळं घाण होतं, चिखल होतो नुसता. झालं, तिचा धागा सापडला. मग आईला विचारलं, आई तुला काय बघायचंय. आई म्हणाली, मला कशाला गं, मला त्यातलं काय कळतंय, माझे गुडघे दुखतात, मी बसते कुठंतरी, तुम्ही या जाऊन. आईचं हे उत्तर मला माहीत होतं. पण आई गांधर्व महाविद्यालयाच्या गाण्याच्या चार परीक्षा दिलेली आहे, मिरजेला दर्ग्यातल्या उरसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत जे गाणं होतं तिथं ती लग्नाआधीपासून जाते, रात्रभर बसते, तेव्हा गुडघे दुखत नाहीत. मी काहीच बोलले नाही, पण मनात ठरवलं की आईला रागमाला दाखवायची.

रागमाला म्हणजे राग-रागिण्यांची चित्रं. राजस्थानात, पहाडी भागात, दख्खनात चित्रकारांनी प्रत्येक रागाला माणूस केलं, राग हा पुरुष, रागिणी ही बाई, त्यांचा प्रहर, त्यांचा ऋतू, त्यांचा स्वभाव सगळं चित्रात. गाणं ऐकणाऱ्या माणसाला चित्राच्या घरात न्यायचा याच्याइतका चांगला दरवाजा मला तरी माहीत नाही. आणि लघुचित्रांचा मोठा संग्रह मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. म्हणजे शनिवारचं ठरलं. शिवाय ते सोमवारीसुद्धा उघडं असतं, सकाळी सव्वादहाला दार उघडतं, हे दोन्ही बाहेरगावच्या माणसाच्या फार सोयीचं आहे. एनजीएमए सोमवारी बंद असते, भायखळ्याचं भाऊ दाजी लाड बुधवारी बंद असतं, असं प्रत्येकाचं वेगळं असतं, त्यामुळे वार आणि वेळ निघायच्या आदल्या दिवशी परत एकदा त्यांच्या साइटवर बघा, कधी दुरुस्तीसाठी एखादा भागच बंद असतो, आमचं एकदा झालंय तसं.

रविवारसाठी जहांगीर आर्ट गॅलरी ठरवली, भाचीच्या वॉटरकलरसाठी. ती म्युझियम नाहीये, तिथं जुनी चित्रं नाहीत, आजच्या चित्रकारांची प्रदर्शनं असतात आणि ती बदलत राहतात. तिकीट नाही, कुणीही आत जावं. १९५२ पासून आहे. आणि एक गोष्ट जी मोठ्या म्युझियममध्ये कधीच मिळत नाही ती तिथं मिळते, चित्र काढणारा माणूस बहुतेक वेळा तिथंच उभा असतो.

एनजीएमए या वेळी सोडली. मला जायचं होतं, पण त्या इमारतीत एका दालनातून दुसऱ्यात वर वर चढत जावं लागतं आणि आईला ते झेपलं नसतं, आणि त्या आठवड्यात जे प्रदर्शन होतं त्यात आमच्या तिघींपैकी कुणाचाच धागा नव्हता. भाऊ दाजी लाड सोडताना जास्त जीवावर आलं. १८७२ ची इमारत, आतले खांब, जिने, मातीच्या बाहुल्यांमधून दाखवलेली जुनी मुंबई, जुने धंदे, वेश, मला ते फार आवडतं. पण ते भायखळ्याला, आणि शनिवारी दुपारी तिकडं जायचं म्हणजे लघुचित्रांची गडबड करायची. सोडलं. सोडता आलं पाहिजे, दोन दिवसाच्या ट्रिपमध्ये हेच सगळ्यात अवघड आहे.

शनिवारी गाडी वेळेत आली. दादरला भावाकडे आंघोळी, नाष्टा, आणि परत टॅक्सीने फोर्टात. आईने पर्समध्ये भडंगाची पुडी घेतलीच होती. म्युझियमच्या बागेत आलो तेव्हा आई घुमटाकडे बघत म्हणाली, हा आपल्या विजापूरचा वाटतोय की. आणि ते खरंच आहे, विटेट नावाच्या साहेबाने ही इमारत काढली तेव्हा घुमट करताना गोलघुमटच डोळ्यापुढे ठेवला होता असं सांगतात. १९०५ ला पायाभरणी झाली, १९१४ ला बांधून झाली, पण लोकांसाठी उघडली १९२२ ला, मधल्या काळात महायुद्धामुळे तिथं दवाखाना होता. सांगली-मिरजेच्या माणसाला विजापूर जवळचं, त्यामुळे आईला दारातच ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

आत गेल्यावर मी कुठंही थांबू दिलं नाही. मूर्ती दिसत होत्या, अकबराचं चिलखत तिथं आहे ते भाचीला बघायचं होतं, मी म्हटलं वेळ उरला तर परत येताना. ताजे डोळे लघुचित्रांना द्यायचे. हे मी सगळ्यांनाच सांगते, जे बघायला आलाय तिथं आधी जा, वाटेतलं नंतर.

लघुचित्रांच्या दालनात शिरल्या शिरल्या भाची म्हणाली, किती अंधार आहे इथं. असतोच. कागदावरचे जुने रंग उजेडाने उडतात आणि एकदा उडाले की परत येत नाहीत, म्हणून अशा दालनात उजेड साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास ठेवायचा अशी पद्धत आहे, आपल्या घरातल्या ट्यूबलाइटच्या मानाने खूपच कमी. चित्रंसुद्धा आलटून पालटून लावतात, त्यामुळे मागच्या वेळी बघितलेलं या वेळी असेलच असं नाही. दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहायचं, डोळे बसू द्यायचे, मग दिसायला लागतं.

आणि मग जवळ जायचं. ही चित्रं भिंतीवर टांगण्यासाठी काढलेलीच नव्हती, हातात घेऊन, मांडीवर ठेवून बघायची होती. वहीच्या पानाएवढी, कधी त्याहून लहान. खारीच्या शेपटीच्या केसांचे ब्रश, काजळी, नीळ, हिंगूळ, हरताळ, ते डिंकात खलायचे, थर द्यायचा, कागद पालथा घालून मागून अकीकाच्या दगडाने घोटायचा, परत थर, परत घोटायचं, म्हणून त्या रंगाला आतून आल्यासारखी झळाळी असते. एका चित्रात पावसाचे ढग होते आणि ढगाच्या काठाला सोन्याची वीज, इतकी बारीक की मला वाटलं चरा पडलाय. मान जराशी तिरकी केली तशी ती चमकली. सोनं होतं ते. भाचीला म्हटलं इकडून बघ, ती बघितल्यावर एकदम हळू आवाजात म्हणाली, आजी, इकडे ये.

आई मागं बाकावर बसली होती. उठून आली, आणि विजेपाशी नाहीच थांबली, शेजारच्या चित्रापुढं थांबली. एक बाई वीणा घेऊन उभी, झाडं, आणि तिच्याभोवती हरणं मान वर करून बघतायत. पाटी इंग्रजीत होती, आईने चष्मा लावलेला नव्हता. आई म्हणाली, तोडी आहे का गं ही? मी पाटी वाचली. तोडी रागिणीच होती. मी विचारलं तुला कसं कळलं, तर म्हणाली, आमच्या सरांनी सांगितलं होतं, तोडी वाजली की रानातली हरणं येतात म्हणून, पण मला वाटायचं ते असंच सांगतात. मग ती तिथं किती वेळ उभी होती सांगू, मी घड्याळ बघितलं नाही पण भाचीचं सगळं दालन बघून झालं तरी आई तिथंच. मधे हळूच काहीतरी गुणगुणत होती, कोमल गंधार लावत होती. अकरा-साडेअकराची वेळ, तोडीचीच वेळ. गुडघ्यांचा विषय निघाला नाही. नंतर बाकावर बसल्यावर म्हणाली, ती वीणा बघितलीस का, दोन्ही बाजूला भोपळे दाखवलेत, आपल्या मिरजेच्या सतारमेकर गल्लीत टांगलेले असतात तसलेच. मिरजेच्या तंबोऱ्याला पंढरपूर भागातले भोपळे येतात, ते आईला लहानपणापासून माहीत. चित्रकाराने भोपळ्याची गोलाई कशी काढलीय यावर ती मला पाच मिनिटं सांगत होती, आणि हीच बाई मला त्यातलं काय कळतंय म्हणत होती.

साडेबाराला आम्ही बाहेर आलो. अकबराचं चिलखत बघितलं, दोन मिनिटं. तिबेट-नेपाळचं दालन, युरोपियन चित्रं, टाटांनी दिलेला एवढा मोठा संग्रह, सगळं तसंच ठेवून आलो आणि मला जराही चुकल्यासारखं वाटलं नाही.

रविवारी जहांगीरला गेलो. ती म्युझियमच्या अगदी शेजारीच आहे. वाटेत काळा घोडा चौकात भाचीने विचारलं, हा घोडा बिनस्वाराचा का? मूळचा पुतळा राजा सातव्या एडवर्डचा, तो १९६५ साली तिथून हलवला आणि आता राणीच्या बागेत आहे, हा नवीन २०१७ मधला, नुसताच घोडा. बाहेर फुटपाथला पण चित्रकार बसलेले असतात, काही जणांचं काम खरोखर चांगलं असतं, तिथंही थांबत जा.

एका दालनात जलरंगांचं प्रदर्शन होतं. वाडे, नदीचे घाट, पावसातली बाजारपेठ. चित्रकार कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले, साठीचे असतील. भाची लाजत होती, मी ढकललं तिला, म्हटलं विचार. तिने विचारलं, काका, पांढरा रंग कुठला वापरला? ते हसले आणि उठून चित्रापाशी आले, म्हणाले, पांढरा वापरलेलाच नाही, हा कागद आहे. घाटाच्या पायरीवर ऊन पडलं होतं ना, ते ऊन म्हणजे न रंगवलेला कागद. आधी ठरवायचं कुठं रंग लावायचा नाही, मग बाकीचं रंगवायचं. आणि पहिला थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा लावायचा नाही, तू घाई करतेस म्हणून चिखल होतो. त्यांनी तिला ना नाव विचारलं ना गाव, नुसतं एवढं सांगितलं, पंधरा मिनिटं, एकेका चित्रापाशी नेऊन. भाचीने बाहेर आल्यावर वहीत लिहून घेतलं. अकरा नावांची यादी होती त्याच वहीत.

लग्न छान झालं, त्याबद्दल वेगळं लिहायला पाहिजे पण ते जाऊ दे.

मंगळवारी कोयनेने परत. दिवसाची गाडी मला मुद्दाम हवी होती. लोणावळा गेलं की मळवली लागतं, छोटंसं स्टेशन, लोक तिथं कार्ल्या-भाज्याच्या लेण्यांसाठी उतरतात. मी आईला खिडकीतून दाखवलं. म्हटलं, आपल्या देवघरात लक्ष्मीचा फोटो आहे ना, कमळावर उभी असलेली, तो मूळचा रविवर्म्याचा, आणि त्याचा छापखाना इथं होता. १८९४ ला मुंबईत सुरू केला, मग १८९९ ला इथं मळवलीला आणला. दगडावर चित्र काढून छापायचे, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एका चित्राला कितीतरी दगड, एकावर एक रंग बरोब्बर बसला पाहिजे. राजाच्या वाड्यातली लक्ष्मी त्या दगडांमुळे तुझ्या देवघरात आली. आई म्हणाली, म्हणजे तो फोटो या गावचा. म्हटलं हो, तसा फोटो या गावचाच.

तिला एवढं सांगितल्यावर मग मलाच राहवेना. किर्लोस्करवाडीबद्दलही सांगितलं, की लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी चित्रकार व्हायला जेजेत गेले होते, पण काही रंग त्यांना वेगळे ओळखता येईनात म्हणून रंगकाम सोडावं लागलं आणि ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले, आणि पुढं १९१० साली त्यांना कारखान्यासाठी माळरान दिलं ते औंधच्याच बाळासाहेबांनी. एक चित्र काढणारा राजा आणि एक चित्रकला सोडावी लागलेला माणूस. भाची म्हणाली, मावशी हे सगळं आम्हाला शाळेत का नाही शिकवत. भडंग संपलं होतं, साताऱ्याला चहा घेतला.

रहिमतपूर स्टेशन आलं तेव्हा ऊन उतरलं होतं. आई बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होती. मग म्हणाली, औंधला जायचं तर इथंच उतरायचं ना गं. म्हटलं हो, इथून जवळच. ती म्हणाली, चाळीस वर्षं यमाईला जातेय, तुझे बाबा होते तेव्हापासून, त्या म्युझियमच्या दारावरून वर जायचं आणि दारावरून खाली यायचं, एकदा पण आत गेले नाही, वाटायचं आपल्याला काय करायचंय आत जाऊन. मी काही बोलले नाही. गाडी हलल्यावर तिने भाचीला विचारलं, तुझी परीक्षा कधी संपतीय, आणि ती म्हणाली मार्चमध्ये आजी. आई म्हणाली, मग त्यानंतरचा रविवार धरा, ओटी पण भरायची राहिलीय.